तळघरातली पावडर

रविवार, ६ एप्रिल २०२५

आज डेल येऊन गेला. बुटांसकट आत आला. तीस वर्षं या घरात येतोय, इथे बूट काढतात हे अजून त्याच्या डोक्यात शिरलेलं नाही. हे असताना मी काही म्हणत नसे. आजही म्हटलं नाही. तो गेल्यावर फरशी पुसली.

ह्यांना जाऊन आज चार आठवडे झाले. त्यावर डेलने एक वाक्य खर्च केलं — "घर शांत वाटतं" — आणि लगेच कामाचं बोलला. त्याला ह्यांची वही हवी आहे. हे तळघरात बसून बंदुकीची काडतुसं स्वतः भरत, त्याची वही. मेच्या शेवटी डेलच्या शेतातलं पहिलं गवत कापलं जाईल, मग ग्राउंडहॉगची बिळं उघडी पडतील. घुशीचा मोठा भाऊ असावा असं ते जनावर. बिळात पाय जाऊन गाईचा पाय मोडतो म्हणे. ते मारायला त्याला "शेकची रेसिपी" पाहिजे. शेक म्हणजे चंद्रशेखर. तीस वर्षांत पाच अक्षरं तोंडात बसली नाहीत.

अडचण अशी की वही त्याला वाचता येत नाही. शब्द मराठीत, आकडेसुद्धा मराठीत! नेमबाजीच्या क्लबातल्या कोणी चोरून बघू नये म्हणून. युनिव्हर्सिटीच्या मटेरियल्स लॅबमधून निवृत्त झालेला इंजिनियर, पंचाहत्तर वर्षांचा, आणि ही शाळकरी युक्ती.

"उट्रा, तू वाचून दाखवशील?"

म्हटलं, बघू.

सोमवार, ७ एप्रिल

मागच्या कुंपणाजवळ लॉनचा एक तुकडा भलताच वाढलाय. हिरवागार, घोट्याच्या वर. बाकी सगळं अजून पिवळट. ह्यांनी खत घातलं असणार, आणि पिशवी एकाच जागी रिकामी केली असणार. एक काम नीट नाही.

शनिवार, १२ एप्रिल

इलाचा बेलव्ह्यूहून फोन. हवापाण्याचं बोलून झालं. मग —

"आई, बी ऑनेस्ट. बाबा विसरायला लागले होते का?"

मी विचारलं, हे कुठून काढलंस? तर ह्यांच्या फ्युनरलच्या दिवशी डेल तिला म्हणाला होता, "तुझे बाबा शेवटी शेवटी जरा स्लिप व्हायला लागले होते. वी ऑल डू." महिनाभर ही ते मनात घेऊन बसली आहे. इंटरनेटवर वाचत बसली आहे. "इट कॅन बी जेनेटिक, आई. आय नीड टु नो."

म्हटलं, तुझे बाबा ठणठणीत होते.

"पण तुला कसं माहीत? यू आर अ फार्मसिस्ट, नॉट अ न्यूरॉलॉजिस्ट."

एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत काढली मी. डॉक्टरने दशांशचिन्ह एक घर इकडेतिकडे केलं तर मला कागद हातात घेण्याआधी दिसायचं. आणि माझ्या घरात, माझ्यासमोर, एका माणसाचं डोकं चालेनासं होईल आणि मला कळणार नाही? डेलला कळेल! कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचून स्वतःच्या गाई ओळखणारा माणूस!

एक गोष्ट मात्र इलाला सांगितली नाही. नोव्हेंबरात ह्यांनी सगळं एकदम बंद केलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे क्लबात नवीन लोकांना काडतुसं भरायला शिकवत. वीस वर्षं एक शनिवार चुकला नाही, इलाच्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा. नोव्हेंबरात एकदा जाऊन आले ते शेवटचं. मी विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला." मग थंडीभर खिडकीशी बसून सुडोकू. मी मनात म्हटलं, बरं झालं, सुटलो.

त्याच सुमाराला नवीन चष्मा केला. जुन्याला वर्षही झालं नव्हतं. काच खराब झाली म्हणे. कुठेही उपडा टाकायचा, मग होणारच.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी पुरावे तपासले. इला म्हणते ना, बी ऑनेस्ट.

गोळ्यांची सात घरांची डबी: आठवडा त्यांनी स्वतः भरला होता. नऊ मार्चला रविवारी सकाळी चहाचा कप हातात असताना गेले. रविवारचं सकाळचं घर रिकामं, बाकी सगळी भरलेली, एक गोळी चुकीची नाही. सुडोकूचं पुस्तक: शेवटची अकरा सोडवून बघितली. सगळी बरोबर. पेनने सोडवलेली, खाडाखोड नाही.

डोकं गेलेल्या माणसाची ही लक्षणं नाहीत. मग डेल खोटं का बोलतो? सरळ आहे. त्याला रायफल हवी. म्हातारा भ्रमिष्ट झाला होता असं मुलीच्या कानावर घालायचं, म्हणजे ती घाबरून म्हणणार — घेऊन जा ते सगळं.

दुपारी तळघरात गेले. कपाटात पावडरीचे सात प्लास्टिकचे डबे. सात! एका घुशीला सात तऱ्हेची विषं! त्यांचं कपाट म्हणजे नेहमी पसारा. ऑक्टोबरात कोजागिरी आपल्याकडे होती, मंडळाची चाळीस माणसं तळघरात येणार होती, तेव्हा शेवटी मीच पदर खोचला. पुसलं, लावलं, अर्धंमुर्धं एकत्र केलं, दोन फळ्या मोकळ्या केल्या. आसावरी आल्या आल्या म्हणाली, "अगं, तळघर आहे की शोरूम!" हे नुसते फळ्यांकडे बघत उभे होते. त्यांना काय त्याचं.

वही मिळाली. अक्षर नेहमीचं, छापल्यासारखं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर फक्त तारीख: २ नोव्हेंबर. खाली काही नाही. पुढची पानं कोरी.

शनिवार, १९ एप्रिल

डेलचा निरोप, फोनवर: गवत वाढतंय. जसं काही ते मी वाढवतेय.

त्याला वाचून दाखवायचं तर आधी मला कळलं पाहिजे. न कळता कागद वाचून दाखवणं मला जमत नाही. ह्यांचं जाडं पुस्तक घेऊन बसले. हे एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. क्लबातली माणसं वेदविद्या असल्यासारखं बोलतात! प्रत्यक्षात आहे काय, तर औषधाचा डोस.

काडतूस म्हणजे एक पितळी नळी. बुडाला टिकली — दिवाळीत पोरं फोडतात तशीच, जरा कडक. तोंडाशी गोळी. मध्ये पावडर. ती जळून वायू होतो आणि गोळीला ढकलतो. पावडर किती भराभर जळते, सगळा खेळ तेवढाच. फार झटपट जळणारी घेतली तर गोळी हलायच्या आधीच आत दाब वाढतो, तो रायफल फोडेल. फार सावकाश जळणारी घेतली तर गोळी बाहेर पडली तरी ही अर्धी कच्ची, नळीच्या तोंडाशी नुसता जाळ. ह्यांची रायफल टू-ट्वेंटी-टू, म्हणजे गोळी पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, नळी लहान. लहान नळीला जरा चपळ पावडर लागते. मोठ्या नळीला मंद. दाण्यांवर थर दिलेला असतो, जळणं लांबवायला. आम्ही पोटात सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या देतो, तसंच. हे मला पाच मिनिटांत कळलं. ह्यांनी चाळीस वर्षांत एकदा तरी असं सांगितलं असतं तर! की मी विचारलं नाही म्हणून?

आणि वजन ग्रेनमध्ये! आम्ही फार्मसीतून ग्रेन कधीच हद्दपार केला. ही माणसं अजून त्याच काट्यावर बसली आहेत.

वहीभर एकच नंबर आहे. ४१९८. पान उलटा, ४१९८. इतर सहा-सात वापरून बघितल्या, शेरे मारले, परत तिथेच. काही शेरे वाचून हसू आलं. म्हणजे येणार होतं.

कपाटात मात्र ४१९८ नाही. दोनदा बघितलं. तो नंबर मी पाहिलेला आहे एवढं नक्की आठवतं.

बुधवार, २३ एप्रिल

आसावरी आली, न विचारता. स्टेट कॉलेज गावात मराठी बायका किती, त्यात ही एक माझ्या वाट्याला. सोबत एक गुलाबी वही, वर इंग्रजीत "हीलिंग". रोज तीन भावना लिहायच्या म्हणे. "मोकळी हो गं, उत्तरा. मनात ठेवू नकोस." मग स्वतःच तासभर मोकळी झाली. सुनेबद्दल.

जाताना भाताचे डबे परत मागितले. त्यातला एक माझाच होता. मी दिला.

गुलाबी वहीत वाण्याची यादी लिहिली. पुढच्या महिन्यात आयसेलिनच्या देशी दुकानांत कोणी जाणार असेल तर तूरडाळ, गोडा मसाला, कोकम.

शनिवार, ३ मे

डेल आला. या वेळी दारातच म्हटलं, बूट. तो इतका दचकला की दाराची चौकट धरून काढले. एका मोज्याला भोक.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडली. त्याने खिशातून डबा काढला, नवा. "हल्ली क्लबात सगळे हीच घेतात. बारीक गोल दाणा. मापातून पाण्यासारखी उतरते, शंभर काडतुसं एका तासात. शेकची ती काड्यांची पावडर मापात अडकते, प्रत्येक वेळी वजन करत बसा. व्हाय बॉदर?"

मी म्हटलं, थांब, ह्यांनी तीसुद्धा वापरलेली आहे. पान काढलं. जसं लिहिलं होतं तसं वाचलं, मग इंग्रजीत सांगितलं: "खसखस. मापाला उत्तम. एप्रिलमध्ये शहाणी, जुलैच्या उन्हात भडकते. नळी काजळते. आळशी माणसाची पावडर. डेलला आवडेल."

डेलने टेबलावर हात आपटला. "आळशी माणसाची! दॅट्स हिम! दॅट्स शेक, ऑल राइट!" हसता हसता डोळे पुसले. या स्वयंपाकघरात महिन्यात दोन महिन्यांत कोणी हसलेलं नव्हतं. मला ते आवडलं नाही.

मग ह्यांचा हिशेब वाचला. उन्हात गाडीच्या टपावर ठेवलेली काडतुसं, सावलीतली काडतुसं, दोन्हींच्या गोळ्या कागदावर कुठे लागल्या ते मिलिमीटरमध्ये. काड्यांची पावडर, ४१९८: ऊन असो सावली असो, पाचही गोळ्या एका नखाखाली. शेवटी लिहिलं होतं — "जनावर जखमी होऊन बिळात जाता कामा नये. एक गोळी, तिथल्या तिथे. नाहीतर घरी बसावं."

हे मी दोनदा वाचलं. मी शाकाहारी. मला वाटायचं, माणूस मजेखातर जीव घेतो. चाळीस वर्षं पानात भाजी वाढताना मी ते चेहऱ्यावर दाखवत आले. बोलले कधी नाही.

डेल म्हणाला, "मग ४१९८च घेऊ." मी म्हटलं, कपाटात ती नाही. तो टोपी फिरवत बसला. म्हणाला, "हो. नसेल."

तेव्हा विचारलं. "तू इलाला काय सांगितलंस?"

"आय शुडंट हॅव."

"काय झालं होतं?"

"शेकने सांगितलं होतं, याचा गवगवा नको."

"मी त्याची बायको आहे."

"येस मॅम." आणि गप्प. गाय बरी, ती निदान हंबरते.

म्हटलं, रायफल तुला हवी असेल. तर माझ्याकडे असं बघितलं की मी काही घाणेरडं बोलले. "नो मॅम. ती इलाची आहे. शेकने तिच्यासाठी बट, खांद्याला टेकतं ते लाकूड, कापून आखूड केली होती, ती बारा वर्षांची असताना."

हे मला माहीत नव्हतं. किंवा खोटं असेल.

रविवार, ११ मे

मदर्स डे. इलाने फुलं पाठवली. बटबद्दल विचारलं. "ऑफ कोर्स, आई. बाबांनी मला खारीसुद्धा मारू दिली नाही, ओन्ली पेपर. यू वुड हॅव फ्रीक्ड आउट, म्हणून सांगितलं नाही."

दोघं मिळून किती गोष्टी "म्हणून सांगितलं नाही"!

गुरुवार, १५ मे

लॉन कापणारा आला होता. कुंपणाजवळच्या तुकड्याबद्दल म्हणाला, काय घातलंत तिथे, सगळीकडे घाला. म्हटलं, ज्याने घातलं त्याला विचार.

मी असं का बोलले, माहीत नाही. तो बिचारा ओशाळला.

रविवार, १८ मे

इलाचा परत फोन. डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे, रक्ताची तपासणी करणार. पस्तिशीतली धडधाकट मुलगी! एका शेतकऱ्याच्या एका वाक्यावर! "आई, जस्ट टेल मी व्हॉट हॅपन्ड इन नोव्हेंबर. काहीतरी झालं होतं. बाबा फोनवर पण वेगळे वाटायचे."

वेगळे वाटायचे. मला नाही वाटले. मी समोर होते.

डेलला फोन करून सांगितलं — पावडर आणायला दुकानात मी येणार. वही माझ्याशिवाय कोण वाचणार? आणि ट्रकमध्ये तास-दीड तास तो माझ्या तावडीत असेल. टोपी किती वेळ फिरवेल!

शनिवार, २४ मे

सगळं लिहून काढते. जसं झालं तसं.

दुकान बेलफोंटच्या पलीकडे. मेमोरियल डेच्या सुट्टीआधीचा शनिवार, गर्दी. भिंतीवर हरणांची मुंडकी, खाली सवलतीचे मोजे. माझ्या वयाची बाई काउंटरवर, पांढरी वेणी, सगळ्यांना "हन", म्हणजे हनी, म्हणते. मलाही म्हणाली. पावडरी मागच्या मांडणीत. ४१९८ मागितली. तिने दोन डबे काढून ठेवले. दोन्हींवर ४१९८. दोन कंपन्या. एक सहा डॉलरनी स्वस्त.

"कुठली?"

मी स्वस्त डब्यावर बोट ठेवलं. म्हटलं, नंबर तोच आहे ना, मग झालं. ब्रँड आणि जेनेरिक.

डेल माझ्या शेजारी उभा होता. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. असं बघितलं की मला वाटलं माझ्या तोंडाला काही लागलंय.

ती बाई म्हणाली, "नाही हन, नंबर तोच असला म्हणून वस्तू तीच नसते. ही लांब कापलेली, ही आखूड. एक जरा लवकर पेटते. पुस्तकात जिचं वजन दिलंय तीच घ्यायची. आणि देवाशपथ, एकीत दुसरी ओतायची नाही. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात."

वहीत बघितलं. प्रत्येक ४१९८ च्या पुढे एक अक्षर होतं. प्रत्येक! मला ते दिसलं होतं. मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. अक्षर होतं त्या कंपनीचा डबा घेतला.

ट्रकमध्ये बसल्यावर डेलने किल्ली लावली, पण फिरवली नाही. मी म्हटलं, नोव्हेंबरात काय झालं ते ऐकल्याशिवाय मी आज घरी जाणार नाही. मग बोलला. समोरच्या काचेकडे बघून.

दोन नोव्हेंबर, पहिला शनिवार. नवीन आठ जण होते. हे नेहमीसारखे आधी सांगत, मग स्वतः भरलेली काडतुसं मारून दाखवत. त्या आठवड्यातच भरलेली. पहिल्या दोन गोळ्या कुठल्या कुठे. लोक हसले, हेही हसले. तिसरीला बार झाला, आणि बुडाची टिकली फुटून गरम वायू उलटा ह्यांच्या तोंडावर आला. चष्म्याच्या उजव्या काचेवर बारीक खड्डे. रायफलचा काडतूस घालायचा खटका उघडेना. लाकडी हातोडीने ठोकून उघडावा लागला.

"चष्मा नसता," डेल म्हणाला, आणि डोळ्यापाशी बोट नेलं.

दुपारी दोघांनी मिळून डबा तपासला. पांढऱ्या कागदावर पावडर पसरली. लांब दाणे आणि आखूड दाणे. मिसळलेले. जो माणूस वीस वर्षं प्रत्येक वर्गाच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा — टेबलावर एका वेळी एकच डबा, आणि एकातली पावडर दुसऱ्यात कधीही नाही — त्याच्या डब्यात! क्लबाच्या अध्यक्षाने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, शेक, थोडी विश्रांती घे. कोणीतरी मागून म्हणालं, आता ह्याला कॉफीसुद्धा ओतू देऊ नका. ह्यांनी ऐकलं.

तो डबा ह्यांनी हिवाळ्याआधी लॉनवर पसरला. मिसळलेल्या पावडरीचं तेवढंच करता येतं. गवताला चांगली.

मी विचारलं, तू त्याला म्हणाला नाहीस का, की हे तुझ्या हातून होणं शक्य नाही?

"म्हणालो. दोनदा म्हणालो. घरी सोडताना विचारलं, शेक, तुझ्या कपाटाला आणखी कोणी हात लावतं का? तर माझ्यावर ओरडला. तीस वर्षांत तेवढं एकदाच. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःहून फोन केला. म्हणाला, तिथे माझ्याशिवाय कोणी जात नाही. मीच ओतली, डेल. नंबर तोच होता. मला वाटलं, ब्रँड आणि —"

तिथे थांबला.

मग किल्ली फिरवली. घर आलं. दारात त्याने वाकून बूट काढायला सुरुवात केली. मी म्हटलं, राहू दे.

रविवार, २५ मे

डबे मी एक केले होते. कोजागिरीच्या आधी.

इलाला सकाळी फोन केला. तिला सांगितलं, तपासणी रद्द कर, बाबांचं डोकं शेवटच्या सकाळपर्यंत शाबूत होतं. का ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मराठीत म्हणाली, "आई, तू बस आधी." मी बसलेलेच होते.

डेललाही फोन केला. सात जूनला क्लबात नवीन लोकांचा वर्ग आहे. मला घेऊन चल म्हटलं. पहिली पाच मिनिटं मला हवीत.

त्या शनिवारी, दोन नोव्हेंबरला, हे संध्याकाळी घरी आले तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मागून विचारलं, "खाली सेम नंबरचे दोन डबे होते ना गं?" मी म्हटलं, "ब्रँड आणि जेनेरिक! एकात ओतून टाकले. किती जागा अडवून ठेवता." थोडा वेळ तिथेच उभे होते. मग म्हणाले, "बरं केलंस." आणि खाली गेले.

तोंडावर काही लागलं होतं का, चष्म्याची काच कशी होती — मला सांगता येणार नाही. मी वळून बघितलं नव्हतं.